परभूमीवरचे घर आणि यजमानाची जाळी

मराठीत ‘वकिलात’ हा शब्द आज परराष्ट्राच्या राजदूताची कचेरी या अर्थाने रूढ आहे. शब्द मुळातला अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि पेशवाईच्या दप्तरात इतका रुळला की त्याचे परकेपण आता कोणास जाणवत नाही. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. दिल्लीचे हिंगणे, हैदराबादचे गोविंदराव काळे ही पेशव्यांची वकील मंडळी इतिहासाच्या वाचकांस चांगली परिचित आहेत. त्यांची पत्रे आपण आवडीने वाचतो. पण हे वकील राहात कसल्या घरात, त्या घराचा दरवाजा कसा होता, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. आपल्या राज्याची ओळख पटावी म्हणून परक्या राजधानीत एक खास इमारत उभारावी, असा प्रघात त्या काळी नव्हता. वकिलाने यजमानाच्या शहरातील एखादी हवेली घ्यावी आणि तीत बिऱ्हाड मांडावे. धन्याची प्रतिष्ठा त्याच्या पोशाखातून, नजराण्यातून आणि विशेषतः बोलण्यातून दिसावयाची, भिंतींतून नव्हे.

पुढे हा प्रघात बदलला. पाहुणा स्वतःचे घर बांधू लागला, आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न उत्पन्न झाला. हे घर कोणासारखे दिसावे? पाहुण्याच्या देशासारखे, की यजमानाच्या? आणि यजमानासारखे दिसावयाचे तर त्याच्याकडून नेमके काय घ्यावयाचे? वरवर पाहता हा प्रश्न स्थापत्यज्ञांचा वाटतो. परंतु जे लोक पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात आपली भाषा घेऊन राहिले आहेत, त्यांना तो अगदी परका वाटू नये.

आम्हा हैदराबादकरांना याचे पहिले उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. कोठीच्या गजबजलेल्या बाजारातून आत वळले की जुन्या रेसिडेन्सीची इमारत दिसते. निजामाच्या दरबारी असलेला इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती उभारावयास घेतली आणि आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युअल रसेल या अधिकाऱ्याने केला. खर्च निजामाने दिला, ही गोष्ट विसरून चालणार नाही. जॉन माल्कमने यासंबंधी एक मजेदार हकीकत नमूद केली आहे. कर्कपॅट्रिकने जागेचा नकाशा भल्यामोठ्या कागदावर काढून नेला तेव्हा निजामाने साफ नकार दिला. मग कोणी तरी सुचविल्यावरून तोच नकाशा एका लहानशा कार्डावर काढून दाखविला आणि मंजुरी मिळाली. मोठ्या कागदावरची ती जमीन निजामाला आपल्या राज्याच्या नकाशाएवढी दिसली होती! गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, पाहुण्याच्या घराने यजमानाच्या मनात कोणती शंका उभी राहते, ते तीत पुरते आले आहे.

या इमारतीचे दर्शनी रूप संपूर्ण युरोपीय आहे. उंच गोल स्तंभ, त्रिकोणी शिखरपट्टी, रुंद पायऱ्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांस सिंह. मुसी नदीच्या काठावर, चारमिनारच्या शहरासमोर, हे घर जाणूनबुजून वेगळे बोलत होते. परंतु त्याच आवारात कर्कपॅट्रिकने आपली पत्नी खैरुन्निसा हिच्यासाठी रंगमहाल बांधला, तो मात्र हिंदुस्थानी पद्धतीचा होता. पुढच्या बाजूस कंपनी सरकार आणि मागच्या बाजूस संसार, अशी ही वाटणी होती. 1857 च्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्यानंतर आवाराभोवती तटबंदी आणि बुरूज आले. रंगमहाल पुढे 1860 च्या सुमारास पाडण्यात आला. त्याची कमान तेवढी उरली. म्हणजे या शहराशी नाते सांगणारा जो भाग होता तो गेला, आणि तट वाढला. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे तो पुन्हा येणार आहे.

(पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सीचे नशीब याहून वाईट. 1786 साली चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी आला आणि मुळा-मुठेच्या संगमापाशी इंग्रजी वकिलातीचे बस्तान बसले. 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ती जाळण्यात आली आणि एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही तीतच गेला. त्या घरासंबंधी आज बोलावयाचे तर राखेसंबंधीच बोलावे लागेल.)

स्वातंत्र्यानंतर नव्या राजधानीत परराष्ट्रांसाठी चाणक्यपुरी वसविण्यात आली. प्रस्तुत प्रश्नाचा विचार करण्यासाठी तिच्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. शांतिपथाच्या दोन्ही बाजूंना एकेका राष्ट्राने आपापले उत्तर विटा, दगड आणि सिमेंट यांत लिहून ठेवले आहे. यातील सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जगभर नव्या वकिलाती बांधण्याचे मोठे काम हाती घेतले. प्रथम या इमारती काचेच्या आणि पोलादाच्या, कोठेही शोभतील व कोठेच शोभणार नाहीत अशा, होऊ लागल्या. त्यावर टीका झाली. 1954 मध्ये नामांकित स्थापत्यज्ञांची एक सल्लागार समिती नेमण्यात आली आणि पिएत्रो बेलुस्की याने लिहिलेल्या सूचनांत असे सुचविण्यात आले की स्थापत्यज्ञाने त्या त्या देशाचे हवामान, तेथील सामग्री आणि परंपरा यांचा आदर राखावा. या धोरणातून वॉल्टर ग्रोपियसने अथेन्सला, होसे लुईस सेर्टने बगदादला, हॅरी वीसने आक्राला आणि एडवर्ड डरेल स्टोनने दिल्लीला वकिलाती बांधल्या. दिल्लीच्या इमारतीची पायाभरणी 1 सप्टेंबर 1956 रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांच्या हस्ते झाली आणि 3 जानेवारी 1959 रोजी तिचे उद्‌घाटन झाले.

प्रस्तुत लेखकाने ही इमारत रस्त्यावरूनच पाहिली आहे. आणि खरे म्हणजे ती रस्त्यावरून पाहण्यासाठीच योजिलेली आहे. उंच जोत्यावर एक लांबट, ठेंगणी, पांढरी वास्तू. तिच्याभोवती सोनेरी मुलाम्याचे बारीक खांब. त्या खांबांवर चारही बाजूंनी पुढे आलेले सपाट छप्पर. समोर वर्तुळाकार जलाशय. जोत्याच्या खाली मोटारी ठेवण्याची सोय. भिंतीच्या जागी जाळी आहे. संगमरवराचे खडे मिसळलेल्या सिमेंटचे सच्छिद्र ठोकळे जागच्या जागी हातांनी पाडून ही जाळी उभी केली. जाळीच्या आत काच, काचेच्या आत दालने आणि सर्वांच्या मध्ये पाण्याचा चौक, असा तिचा क्रम आहे. स्टोनने ताजमहाल पाहिला होता आणि ते ऋण त्याने लपविले नाही.

ही इमारत सुंदर आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसे वाटणार नाही. ताजमहाल हे थडगे आहे. तेथील प्रसिद्ध संगमरवरी जाळी कबरींभोवती आहे; तेथे वारा यावा, उजेड यावा, बसणाऱ्याने बाहेर पाहावे, यासाठी ती नाही. कचेरीला थडग्याकडून जाळी उसनी घेण्यात काही अनुचित आहे असे मी म्हणत नाही. पण जाळीचे खरे काम समजावयाचे तर राजस्थानातील हवेल्यांच्या किंवा गुजरातेतील जुन्या घरांच्या जाळ्यांकडे जावे लागते.

जाळी काय करते? शिक्षकबंधूंना हा धडा वर्गातही घेता येईल. एक जाड पुठ्ठ्याची पेटी घ्यावी आणि तिच्या एका बाजूस खोल चौकोनी भोके पाडावीत, अशी की प्रत्येक भोकाची खोली त्याच्या उंचीएवढी असेल. समोरून येणारा सूर्यकिरण क्षितिजापासून 45 अंशांहून अधिक उंचीवरून आला तर तो अशा भोकातून थेट आत पोचू शकत नाही; भोकाच्या तळावरच अडतो. आता दिल्लीचा हिशेब करू. दिल्लीचे अक्षांश साडेअठ्ठावीसच्या किंचित पुढे आहेत. जूनच्या अयनदिनी मध्यान्हीचा सूर्य तेथे सुमारे 85 अंशांवर असतो आणि डिसेंबरच्या अयनदिनी सुमारे 38 अंशांवर. म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीला अशी जाळी असेल तर उन्हाळ्याचे मध्यान्हीचे ऊन ती संपूर्ण अडविते आणि थंडीतले ऊन काही अंशी आत येऊ देते. यंत्र नाही, कळ नाही, पंचांग मात्र अचूक. याखेरीज ती वाऱ्याला वाट देते, झगमगाट मोडते, आणि अंधाऱ्या आतील बाजूने बाहेरचे दिसू देऊन उजेडातील बाहेरच्याला आतले दिसू देत नाही.

परंतु पूर्व-पश्चिमेची गोष्ट वेगळी. तेथे सकाळ-संध्याकाळचा सूर्य खाली असतो आणि त्याचे किरण जाळीतून सरळ आत घुसतात. म्हणून पश्चिमेस जाळी अधिक जाड, अधिक बारीक भोकांची, किंवा तिच्यावर खोल छज्जा, असे काही तरी हवे. स्टोनने चारही दिशांना जाळी एकसारखी फिरविली. छप्पर पुष्कळ पुढे काढल्यामुळे त्यातील दोष बराचसा झाकला गेला. मात्र जाळीच्या आत बंद काच आली आणि काचेच्या आत थंड हवेची यंत्रे आली, तेव्हा वाऱ्याचे काम संपले. उरले ते सावलीचे काम. ते खरे काम होते, व्यर्थ नव्हते. तरी पण जाळीच्या चार गुणांपैकी दोन अडीच बाहेरच राहिले, असे म्हणावे लागते.

यानंतर जे झाले ते स्टोनच्या हातचे नव्हते. जाळी ही फॅशन झाली. त्याने स्वतः ती न्यूयॉर्कमधील आपल्या घरालाही लाविली, आणि जेथे ऊन ही तक्रार नसून देणगी असते अशाही प्रदेशांत पुढे तिची नक्कल झाली. आपल्याकडे तर सिमेंटचे तयार जाळीचे ठोकळे गावोगाव मिळू लागले. शाळांच्या जिन्यांना, बँकांच्या दर्शनी भिंतींना, सरकारी निवासांच्या न्हाणीघरांना ते लागले. माझ्या शाळेच्या जिन्याला अशी जाळी होती. तिची दिशा उत्तर होती. उन्हाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पावसाळ्यात मात्र पाणी बिनतक्रार आत येई आणि तास सुटल्यावर मुले घसरून पडत. जी जाळी हजार मैलांवरच्या कबरीपासून वकिलातीपर्यंत आली, तीच वकिलातीपासून आमच्या जिन्यापर्यंत आली. वाटेत तिची दिशा तेवढी हरवली.

‘स्थानिक परंपरा’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आक्राचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. हॅरी वीसने घानाच्या उत्तर भागातील वा या गावच्या राजाच्या मातीच्या वाड्यापासून स्फूर्ती घेतली. त्या वाड्याचे निमुळते, वर टोकदार होत जाणारे आधारस्तंभ त्याने आपल्या इमारतीच्या खांबांत आणले. पण वा हे कोरड्या, गवताळ प्रदेशातले गाव आणि आक्रा समुद्रकाठचे दमट शहर. तेथे जाड मातीची भिंत उपयोगाची नाही. तेथे वारा हवा. वीसने इमारत खांबांवर उचलून धरली, तिच्या खालून वारा खेळू दिला आणि खिडक्यांना महोगनीच्या झडपा लाविल्या. म्हणजे रूप उत्तरेकडून घेतले आणि वागणूक समुद्रकाठची ठेविली. एका देशाची परंपरा एक नसते. कोकणातले उतरते कौलारू छप्पर आणि सोलापूरकडचे धाब्याचे घर दोन्ही मराठीच. पण धाब्याचे घर मालवणात बांधणाऱ्याला पहिल्या आषाढातच उत्तर मिळेल. वीसला हे उमगले होते, ही त्याची थोरवी.

आता शांतिपथावरच्या बेल्जियमच्या वकिलातीकडे वळू. ती सतीश गुजराल यांनी योजिली आणि 1983 च्या सुमारास ती पुरी झाली. गुजराल चित्रकार आणि शिल्पकार; स्थापत्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. बेल्जियमने आपले घर बांधण्याचे काम यजमान देशाच्या एका कलावंताच्या हाती निःशंकपणे सोपविले, हे विशेष. इमारत उघड्या विटांची आहे, गिलावा नाही. गोलाकार घुमट, कमानींचे कापलेले अर्धगोल, मातीच्या चढउतारांतून वर येणाऱ्या जाड भिंती. दिल्लीच्या आसपास जुन्या सुलतानी इमारतींचे जे अवशेष शेताशिवारांत पडलेले असतात, त्यांची आठवण व्हावी असे तिचे रूप आहे. पण ती कोणत्याही एका जुन्या इमारतीची प्रतिकृती नाही. तिच्याकडे बोट दाखवून ‘हे अमक्यावरून घेतले’ असे म्हणता येत नाही. वीट मात्र याच मातीची, आणि ती रचण्याचे कसब याच देशातील गवंड्यांचे. मला दोन्ही इमारतींत ही अधिक श्रेष्ठ वाटते. मतभेद असू शकेल.

आणि मतभेदाला पुष्टी देणारे उदाहरणही त्याच वस्तीत आहे. फिनलंडच्या वकिलातीसाठी रेइमा पिएतिला याने 1963 सालच्या स्पर्धेत आराखडा सादर केला. प्रत्यक्ष बांधकाम पुढे दोन दशकांनी, 1980 नंतरच्या काळात झाले. त्याने दिल्लीकडून काही मागितले नाही. आपल्या देशातील बर्फावर वाऱ्याने उठविलेल्या लाटा त्याने छपरांच्या रूपाने आणल्या. वैशाखात ज्या रस्त्यावर डांबर पातळ होते तेथे हिमाचे छप्पर! ऐकताना हसू येते. पण पाहताना येत नाही. कारण ही पांढरी, पसरट, पुढे झुकलेली छपरे गडद सावली पाडतात आणि इमारती ठेंगण्या, झाडांत दडलेल्या आहेत. पाहुण्याने आपल्या घरची वस्तू आणली, पण ती येथे उपयोगी पडेल अशी आणली. यजमानाची नक्कल न करताही त्याच्याशी सभ्यपणे वागता येते, हे या वास्तूवरून पटते.

याउलट दिशेने पाहिले तर, आपण परदेशी घर बांधतो तेव्हा काय करतो? लंडनचे इंडिया हाउस 1930 मध्ये हर्बर्ट बेकरने बांधले; बाहेरून ते लंडनच्या दगडी इमारतींच्या रांगेत बसते आणि आत हिंदुस्थानी जाळ्या व कोरीवकाम येते. बर्लिनमधील भारतीय वकिलात 2001 साली पुरी झाली. तिचे स्थापत्यज्ञ जर्मन आहेत, परंतु तिच्या भिंतींसाठी लागणारा लाल वालुकाश्म राजस्थानातून जहाजाने तेथे गेला. बर्लिनच्या करड्या आकाशाखाली तो दगड भारताचे नाव आपल्या रंगानेच सांगतो. म्हणजे आपण घरून दगड नेतो, आणि आपल्याकडे येणारे आपली जाळी घेतात. दोघांनाही भारतच दाखवावयाचा असतो, ही यातली मौज.

परंतु इमारतीचे रूप हा या प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. वकिलातीच्या वास्तूत एक मूळचा अंतर्विरोध आहे. तिने उघडे असावे, कारण ती मैत्रीसाठी आहे. आणि तिने बंद असावे, कारण तिच्यात गुपिते आहेत व तिला शत्रू आहेत. पन्नास-साठच्या दशकांत उघडेपणाचा पक्ष बलवान होता. सेर्टने बगदादच्या आवारात पाण्याचे पाट खेळविले, दालनांवर दुहेरी छपरे घालून सावली केली. पण इमारती पुऱ्या होण्याआधीच 1958 ची क्रांती झाली आणि 1967 मध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले. घर राहिले, घरवाले गेले. 18 एप्रिल 1983 रोजी बेरूतच्या अमेरिकन वकिलातीवर बाँबहल्ला झाला. 1985 मध्ये अॅडमिरल बॉबी इनमन यांच्या समितीने अहवाल दिला. इमारत आणि बाहेरचा रस्ता यांत 100 फुटांचे, म्हणजे सुमारे 30 मीटरचे अंतर हवे, असा दंडक त्यातून रूढ झाला. 7 ऑगस्ट 1998 रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथे एकाच दिवशी स्फोट झाले. दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत बहुसंख्य तेथील स्थानिक लोक होते. यानंतर काही वर्षे अमेरिकेने एकच ठरीव नमुना काढून तो देशोदेशी बांधला. सुरक्षित, जलद, आणि गावाबाहेर. 2011 च्या सुमारास या ठरीव नमुन्यावर असंतोष वाढून पुन्हा त्या त्या स्थळाचा विचार करणारे धोरण आले. कोठीच्या रेसिडेन्सीत 1857 नंतर जे घडले, तेच दीड शतकाने जगभर घडले; फक्त येथे सुदैवाने परतीची वाट थोडी तरी सापडली.

हे सारे मी ग्रंथांतून वाचले होते. परंतु त्याचा अर्थ कळला तो एका उन्हाळ्यात. माझ्या मावशीला मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जावयाचे होते. व्हिसाच्या मुलाखतीसाठी तिला घेऊन एका मोठ्या शहरातील एका परदेशी कचेरीत गेलो. वेळ सकाळी दहाची दिली होती; आम्ही साडेनवासच पोचलो. कचेरीच्या दर्शनी भिंतीवर दगडी जाळीचे सुरेख काम होते. त्या भिंतीबाहेर पदपथावर दीडशे माणसे रांगेत उभी होती. सोबतच्यांना आत प्रवेश नव्हता. ज्यांचे काम होते त्यांनाही पुकारा होईपर्यंत नव्हता. एक झाड होते, त्याच्या सावलीत पहिली वीस माणसे. मावशीचे वय बहात्तर. अकरा वाजले तरी पुकारा झाला नाही. समोरच्या चहावाल्याने तिला बसावयास आपला डबा उपडा करून दिला. त्यावर बसून तिने पदर डोक्यावर घेतला, त्या जाळीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘अरे, एवढी जाळी केली, पण एक ओटा नाही रे केला.’

मावशीचे माहेर जुन्या वाड्यातले. तिच्या डोळ्यांपुढे काय होते ते मला लगेच समजले. आपला वाडा बाहेरून किल्ल्यासारखाच असतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे पाहून कोणास तो अगत्यशील वाटणार नाही. रस्त्याकडे खिडक्या कमी, भिंत जाड. परंतु दरवाजा आणि चौक यांच्यामध्ये एक संपूर्ण व्यवस्था असते. मोठा दरवाजा बंद असला तरी त्यातली दिंडी उघडी असते. तीतून माणूस वाकूनच आत येतो, म्हणजे येणारा कोण ते पहारेकऱ्यास निवांत पाहता येते. आत देवडी. देवडीच्या दोन्ही अंगांस उंच ओटे. एकावर पहारा, दुसऱ्यावर आलेगेले. मग वळण, त्यामुळे रस्त्यावरून चौक दिसत नाही. मग पहिला चौक, ओसरी, सदर. अनोळखी माणूस देवडीपर्यंत, ओळखीचा ओसरीपर्यंत, कामाचा सदरेपर्यंत, घरचा माजघरापर्यंत. प्रत्येक पायरीवर थांबविण्याची सोय आहे. आणि प्रत्येक पायरीवर बसण्याचीही. सुरक्षितता आणि अगत्य या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी वाड्याचा हा क्रम एकदा समजून घ्यावा. अर्थात वाड्याच्या या व्यवस्थेत जातपात होती, बायकांना बाहेरच्या चौकात मज्जाव होता. ते सारे उचलावे असे कोण म्हणेल? पण सावली, ओटा आणि पाण्याचा माठ उचलावयास कोणाची हरकत असावी?

रस्त्यापासून 30 मीटर आत जावयाचे, हा तर नियमच झाला. या 30 मीटरांत काय करावयाचे हे मात्र नियमात नाही. ती जागा मोकळी फरशी टाकून ओसाड ठेवता येते किंवा तीत देवडी, वळण, बाग आणि ओसरी बसविता येते. दिल्लीतच याचा एक सुखद नमुना आहे, तो वकिलातीचा नव्हे तर तिच्या सख्ख्या भावंडाचा. कस्तुरबा गांधी मार्गावरील ब्रिटिश कौन्सिलची इमारत चार्ल्स कोरिया यांनी 1992 मध्ये पुरी केली. कोरियांचे घराणे गोव्याचे, जन्म 1930 साली सिकंदराबादेतला; पणजीची कला अकादमी त्यांचीच. म्हणजे आपल्या वाचकांपैकी निम्म्यांशी त्यांचा शेजारधर्म आहे. या इमारतीत दारातून शिरताच वर उघडे आकाश दिसते आणि पाठीमागच्या बागेपर्यंत एकामागून एक चौक उलगडत जातात. दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराने पांढरा संगमरवर आणि काळा कडाप्पा यांच्या साहाय्याने वडाच्या पारंब्यांची छाया रेखाटली आहे. मला त्या छायेपेक्षा तिच्यापुढची मोकळी जागा अधिक महत्त्वाची वाटते. तेथे जाळी मिरविलेली नाही, घुमट नाही. परंतु आत येण्याची रीत या देशातील आहे.

आमच्या शहरातील ताजी हकीकतही नमूद करावी. अमेरिकेची वाणिज्य वकिलात हैदराबादेस 2008 मध्ये आली ती बेगमपेठेतील पैगा पॅलेसमध्ये, म्हणजे यजमानाच्या जुन्या हवेलीत. हिंगण्या-काळ्यांच्या रीतीप्रमाणेच म्हणा ना. 20 मार्च 2023 रोजी ती नानकरामगुड्याच्या नव्या आवारात गेली. 12 एकरांहून किंचित अधिक जागा, खर्च सुमारे 34 कोटी डॉलर. अस्सल परंपरेतील घर सोडून नवे घर बांधावयाचे, आणि मग त्या नव्या घराने परंपरेशी नाते जोडावे अशी अपेक्षा करावयाची, हा आपल्या काळाचा स्वभावच झाला आहे. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. जुन्या महालात हजारो अर्जदारांची सोय होत नाही हे उघड आहे.

दिल्लीच्या 28 एकरांच्या अमेरिकन आवाराचेही नवे रूप आखले गेले. न्यूयॉर्कच्या वाइस-मॅनफ्रेडी या स्थापत्यसंस्थेकडे ते काम आले आणि 2021 साली कामाचा आरंभ झाला. स्टोनची जुनी वास्तू राखून तिच्याभोवती नव्या इमारती, बागा, पाणी आणि सावलीचे मार्ग यांची योजना त्या आराखड्यात आहे. सुट्या सुट्या इमारतींचे एकसंध आवार करावे, अशी त्यामागची दृष्टी. इमारतीकडून आवाराकडे झालेला हा प्रवास मला शुभ वाटतो. मोगली बाग घ्या किंवा वाडा घ्या, आपल्या परंपरेतील शहाणपण एका दर्शनी भिंतीत कधीच मावत नाही. ते एका जागेतून दुसरीत जाण्याच्या वाटेत असते.

मावशीला त्या दिवशी दुपारी दीड वाजता आत घेतले आणि दहा मिनिटांत व्हिसा मिळाला. आतील बाई फार गोड बोलली, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. आत खुर्च्याही होत्या, पंखाही होता. पुढच्या खेपेस दिल्लीस जाणे झाले तर शांतिपथावरून एक फेरी मारावयाचे ठरविले आहे. जाळ्या आणि घुमट मी पुष्कळ पाहिले. या वेळी रांग कोठे उभी असते आणि तिच्या डोक्यावर काय आहे, तेवढे पाहून येईन.